दोन 'ऱ्य' आणि पुण्यातले दोन दिवस

आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर ग्रंथ शोधण्यासाठी एक छोटी चौकट आहे. गेल्या आषाढात, माउलींची पालखी आमच्या गावातून पुढे गेल्यानंतरच्या आठवड्यात, एक निवृत्त शिक्षक वाचनालयात आले आणि त्यांनी त्या चौकटीत 'वारकऱ्यां' एवढीच अक्षरे लिहिली. पुढचा प्रत्यय कोणताही असला तरी पुस्तक सापडावे, हा त्यांचा हेतू होता. यंत्रणेने त्यांना दोन नोंदी दाखवल्या. वारी आणि वारकरी संप्रदाय या विषयाचे आमच्याकडे एक संपूर्ण कपाट आहे आणि त्यातील निदान तीस-चाळीस पुस्तकांच्या शीर्षकात किंवा विषयटिपणात हा शब्द आहे. शिक्षकांनी तक्रार केली नाही. ते कपाटापाशी गेले, हवे ते पुस्तक स्वतः शोधून घेऊन आले आणि नोंद करून घेताना ग्रंथपालबाईंना म्हणाले, "पुस्तक इथे आहे, पण तुमच्या यंत्राला ते ठाऊक नाही." ते संकेतस्थळ मी तयार केले आहे. हे वाक्य मला संध्याकाळी फोनवर कळले आणि त्यानंतरचे पाच महिने ते माझ्या मनातून गेले नाही.

मी संकेतस्थळे तयार करते. दोन शाळा, एक पतसंस्था, एक रोपवाटिका, एक मंगल कार्यालय आणि हे वाचनालय, एवढा माझा व्याप. शिक्षण वाणिज्य शाखेचे झाले, आणि हे काम मी घरी बसून, चुकत आणि दुरुस्त करत शिकले. वाचनालयाचे काम मात्र मी पैशांसाठी घेतलेले नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेले, तालुका 'ब' वर्गातले ते वाचनालय आहे. ग्रंथसंख्या १८ हजारांच्या आसपास आहे आणि माझे शाळेचे सगळे वाचन तिथल्या खिडकीजवळच्या बाकावर झालेले आहे.

ग्रंथांच्या नोंदी तीन वेगवेगळ्या काळांत संगणकावर आल्या. सर्वांत जुन्या नोंदी युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतप्रणालीच्या, आधीच्या काळातल्या एका फॉन्टमध्ये केलेल्या होत्या आणि त्या नंतर एका रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणल्या गेल्या. मधल्या काळातल्या नोंदी महाविद्यालयीन मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत संगणकावर टंकलिखित केल्या. अलीकडच्या नोंदी ग्रंथपालबाई स्वतः मोबाइलवरून करतात. पडद्यावर या तिन्ही प्रकारच्या नोंदींतला 'वारकऱ्यां' हा शब्द अगदी सारखा दिसतो. पण मी दोन नोंदींतले तेच शब्द उचलून त्यांतली चिन्हे मोजली, तेव्हा एका शब्दात ९ आणि दुसऱ्यात १० चिन्हे निघाली. दहावे चिन्ह पडद्यावर दिसत नव्हते. ते अदृश्य चिन्ह सगळ्या नोंदींतून काढून टाकले की प्रश्न मिटेल, अशी माझी समजूत झाली आणि त्यासाठीचा आज्ञावलीचा तुकडाही मी लिहून ठेवला. १८ हजार नोंदींवर तो चालवण्याआधी कोणा जाणत्याला विचारावे, असे मात्र सारखे वाटत राहिले. आमच्या गावात असे विचारायला कोणी नव्हते, म्हणून पुण्यात वर्डकॅम्प भरणार असल्याचे कळताच मी लगेच नाव नोंदवले.

वर्डकॅम्प म्हणजे वर्डप्रेस ही संकेतस्थळे तयार करण्याची प्रणाली वापरणाऱ्या, त्यावर संकेतस्थळे उभारणाऱ्या आणि खुद्द वर्डप्रेस घडवणाऱ्या लोकांची परिषद. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केली आणि पहिला वर्डकॅम्प २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला. तेव्हापासून ही परिषद जगभरातल्या शहरांत तिथल्या तिथल्या लोकांनीच भरवण्याचा प्रघात पडला. वक्त्यांना मानधन नसते, राबणारे सगळे स्वयंसेवक असतात आणि प्रायोजकांच्या मदतीमुळे तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवलेले असते. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मोठमोठ्या हॉटेलांत भरणाऱ्या तंत्रज्ञान परिषदांचे शुल्क तालुक्याच्या गावात एकटीने काम करणाऱ्या व्यक्तीला परवडणारे नसते, आणि ज्यांच्यापुढे सर्वांत अवघड प्रश्न असतात ते लोक त्यामुळे दारापर्यंतही पोहोचत नाहीत.

पहाटेच्या एसटीने मी स्वारगेटला उतरले आणि सभागृहात पोहोचले तेव्हा नोंदणीच्या टेबलापुढे चांगली लांब रांग लागलेली होती. माझ्यापुढे दोन विद्यार्थिनी होत्या, मागे एक वयस्क गृहस्थ होते जे निवृत्तीनंतर स्वतःच्या गावाचा इतिहास लिहून संकेतस्थळावर ठेवत होते. गळ्यात अडकवायचे ओळखपत्र, एक कापडी पिशवी आणि दोन दिवसांचे वेळापत्रक हातात पडले. एकाच वेळी दोन दालनांत सत्रे चालणार असल्यामुळे काही सोडावे लागणार होते. वेळापत्रकात ज्या ज्या सत्राचा संबंध अक्षरांशी, भाषेशी किंवा शोधाशी असू शकेल, त्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली.

पहिले सत्र संकेतस्थळाच्या वेगाविषयी होते. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, वाचकाच्या स्पर्शाला २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा आणि पान उघडताना मजकूर खालीवर सरकू नये, ही गूगलने ठरवलेली मापे वक्त्यांनी नीट समजावली. त्यांतले प्रतिसादाचे माप मार्च २०२४ पासून नव्या पद्धतीने घेतले जाते, हेही तिथे स्पष्ट झाले. बहुतेक भाग मला माहीत होता. एक गोष्ट मात्र मी वहीत लिहून घेतली. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांसाठी शेकडो आकृत्या असतात, त्यामुळे फाइल जड होते आणि ती हलकी करण्यासाठी लोक फॉन्टमधून नको ती चिन्हे कापून टाकतात. असे कापताना अक्षरे जोडणारी अदृश्य चिन्हे चुकूनही वगळू नयेत, असे वक्ते सहज बोलून गेले. माझ्या समजुतीला तिथे पहिला धक्का बसला, कारण तीच चिन्हे नोंदींतून कायमची काढून टाकण्याच्या मी बेतात होते.

दुसरे सत्र सुगम्यतेचे, म्हणजे अपंग वाचकांनाही वापरता येईल अशी संकेतस्थळे कशी घडवावीत याविषयीचे होते. ते सत्र घेणारे प्रोग्रॅमर स्वतः दृष्टिहीन होते. त्यांनी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर सुरू केला. तो विनामूल्य आहे, मायकेल करन आणि जेम्स टे या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन प्रोग्रॅमरांच्या कामातून तो उभा राहिला, आणि एखाद्या पानावरचा मजकूर तो वाचून दाखवतो. वक्त्यांनी एक मराठी पान उघडले. पानाच्या अगदी वरच्या ओळीत त्या पानाची भाषा सांगणारा 'लँग' नावाचा गुणधर्म असतो. या पानात तिथे इंग्रजी लिहिलेले होते आणि त्या आवाजात येणारे मराठी सभागृहातल्या कोणालाही समजले नाही. त्यानंतर वक्त्यांनी त्या एका गुणधर्माची किंमत बदलून 'एमआर' केली आणि पान पुन्हा वाचायला लावले. आवाज यांत्रिकच होता, पण ते मराठी होते. सभागृहात काही क्षण कोणीच बोलले नाही.

मी तिथेच मोबाइलवर वाचनालयाचे पान उघडून पाहिले. आमच्या पानाच्या माथ्यावरही अमेरिकन इंग्रजी लिहिलेले होते. वर्डप्रेस बसवताना मी भाषेची निवड इंग्रजी ठेवली होती, पुढे सगळा मजकूर मराठीत भरला आणि ती निवड बदलायची राहून गेली. आमच्या तालुक्यातली दृष्टिहीन मुले स्क्रीन रीडर वापरतात हे मला ठाऊक होते, आणि तरी इतकी वर्षे ती आमच्या पानावर येऊन काय ऐकत असतील याचा मी विचार केला नव्हता. सेटिंगमधली ती निवड बदलायला अर्धा मिनिटही लागले नाही. त्याच सत्रात रंगांच्या फरकाचे परिमाण कळले: साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातले गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावे, असा सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा दंडक आहे. आमच्या भगव्या पट्टीवरची पांढरी अक्षरे मोजली तर ते गुणोत्तर २ च्या जेमतेम वर भरले. ती पट्टी मी घरी परतल्यावर गडद केली.

दुपारच्या जेवणाआधीचे सत्र देवनागरी अक्षररचनेविषयी होते, आणि ते मराठीत होते. दोन दिवसांत पूर्ण मराठीत झालेले ते एकच सत्र. बाकीची इंग्रजीत किंवा हिंदीमिश्रित इंग्रजीत झाली, आणि दूरदूरच्या राज्यांतून लोक येत असल्यामुळे ते समजण्यासारखेही आहे. पण या एका सत्रात जेवढे प्रश्न विचारले गेले तेवढे दुसऱ्या कुठल्याही सत्रात विचारले गेले नाहीत. सकाळपासून गप्प बसलेल्या त्या दोन विद्यार्थिनीही उठून बोलल्या. पुण्यात भरणाऱ्या परिषदेत दिवसाला निदान दोन सत्रे मराठीत असावीत असे माझे ठाम मत आहे, आणि मी ते अभिप्रायाच्या अर्जात लिहून दिले.

या सत्राच्या वक्त्या फॉन्ट घडवणाऱ्या होत्या. त्यांनी पडद्यावर एकच मराठी मथळा लावला आणि एका लोकप्रिय धाटणीच्या इंग्रजी थीमचे, म्हणजे संकेतस्थळाच्या तयार साच्याचे, नियम त्यावर एकेक करून लागू केले. आधी अक्षरांमधले अंतर किंचित वाढवले. रोमन अक्षरांत हे अंतर शोभून दिसते, पण देवनागरीत शिरोरेषा तुटली आणि शब्दाचे तुकडे तुकडे झाले. मग अंतर उणे केले, तेव्हा काने आणि मात्रा एकमेकांवर चढल्या. नंतर तिरपा ठसा लावला. मराठी मुद्रणात तिरक्या अक्षरांची परंपरा नाही, आणि ज्या फॉन्टमध्ये तो ठसा नसतो तिथे ब्राउझर उभी अक्षरे नुसती ढकलून तिरपी करतो. शेवटी ओळींमधले अंतर इंग्रजी मथळ्याइतके कमी केले, तेव्हा वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसल्या. अपशब्द न वापरता आणि कोणत्याही थीमचे नाव न घेता त्यांनी हे दाखवले, आणि प्रत्येक वेळी मला माझेच एखादे पान आठवत होते. या नियमांना देवनागरीशी वैर नाही. ते लिहिणाऱ्याच्या पडद्यावर देवनागरी कधी आलीच नव्हती, एवढाच त्याचा अर्थ आहे.

त्यानंतर त्यांनी 'ल' आणि 'श' या दोन अक्षरांकडे लक्ष वेधले. मराठीत पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' लिहिण्याची रीत आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयातही हीच रूपे धरलेली आहेत. हिंदी वळणाची रूपे वेगळी असतात. काही देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही रूपे भरलेली असतात आणि कोणते दाखवायचे हे पानाच्या भाषेवरून ठरते. म्हणजे सकाळी ज्या एका गुणधर्मामुळे स्क्रीन रीडरचा आवाज बदलला होता, त्याच गुणधर्मामुळे 'ल' आणि 'श' यांचे वळणही बदलते. मी पुन्हा मोबाइल उघडला. तासाभरापूर्वी मी भाषा बदलली होती आणि आमच्या पानावरच्या 'वाचनालय' या शब्दातला 'ल' आता आमच्या शाळेच्या फळ्यावर असायचा तसा दिसत होता. हे मी शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना दाखवले आणि त्यांनीही ते तितक्याच आनंदाने पाहिले.

परिषदेत सत्रांच्या मध्ये मिळणारा वेळ सत्रांइतकाच मोलाचा असतो असे मी ऐकून होते, आणि त्याचा अनुभव मला जेवणाच्या रांगेत आला. हातात ताट घेऊन मी त्या वक्त्यांना गाठले आणि माझा नऊ आणि दहा चिन्हांचा प्रश्न सांगितला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि जवळच उभ्या असलेल्या, नांदेडहून आलेल्या एका तरुणाला हाक मारून म्हणाल्या, "या ताईंचा प्रश्न तुझ्या कामाचा आहे." तो तरुण मराठी मजकुराच्या शोधयंत्रणेवर काम करत होता. आम्ही तिघे एका कोपऱ्यात उभे राहिलो आणि पुढचा पाऊण तास जेवण ताटातच राहिले.

त्याने सांगितले ते असे. मराठीत 'र' ला 'य' जोडण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांनी अर्थ बदलतो. 'आचार्यांना' या शब्दात रफार आहे. 'आचाऱ्यांना' या शब्दात 'य' च्या डावीकडे आडवा, भुवईसारखा 'र' आहे. पहिल्यात आपण गुरूंविषयी बोलतो, दुसऱ्यात स्वयंपाक करणाऱ्यांविषयी. हिंदीला या आडव्या 'र' ची गरज पडत नाही, म्हणून देवनागरीच्या संगणकीय तक्त्यात त्याला सरळ जागा नाही. तक्त्यात 'ऱ' हे एक वेगळे अक्षर आहे, आणि त्यापुढे त्याचा उपयोग द्राविडी भाषांतल्या एका उच्चारासाठी असल्याची टीप आहे. त्याच अक्षराचा पाय मोडला की मराठीचा आडवा 'र' मिळतो. पण युनिकोडच्या १९९६ सालच्या २.० या आवृत्तीत तो वेगळ्या रीतीने, म्हणजे साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह, अशी तीन चिन्हे लिहून मिळत असे. जुना मजकूर बिघडू नये म्हणून पुढेही ती रीत मान्य ठेवण्यात आली. त्यामुळे आज एकच दिसणारा शब्द दोन प्रकारे लिहिता येतो. आमच्या रूपांतरकाने जुनी रीत धरली होती, ग्रंथपालबाईंचा मोबाइल नवी रीत धरतो, आणि शिक्षकांनी वाचनालयाच्या संगणकावर नव्या रीतीनेच शब्द लिहिला होता.

"मग मी ते अदृश्य चिन्ह सगळीकडून काढून टाकले तर?" मी विचारले.

"तर जुन्या नोंदींतले सगळे आचारी आचार्य होतील," तो म्हणाला. "आणि वारकऱ्यांच्या डोक्यावर रफार बसेल."

त्याने कागदाच्या रुमालावर लिहून दाखवले. जॉइनर निघाला की मागे साधा 'र' आणि हलन्त उरतात आणि पुढच्या 'य' वर रफार चढतो. माझा तयार असलेला तुकडा चालला असता तर शोध अधिक बिघडला असता, आणि शिवाय १८ हजार नोंदींपैकी कितीतरी शीर्षके कायमची चुकीची झाली असती, पुन्हा ओळखून काढायला माणसे बसवावी लागली असती. मी सुन्न झाले. एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एका रूपात आणणारी युनिकोडची नेहमीची सामान्यीकरणाची सोय इथे वापरता येईल का, हेही मी विचारले. येत नाही, कारण त्या सोयीच्या दृष्टीने हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय नाहीतच. उपाय एकच आणि साधा होता: नोंद साठवताना आणि शोध घेताना, दोन्ही वेळा, साधा 'र', हलन्त आणि जॉइनर ही तीन चिन्हे याच क्रमाने जिथे आढळतील तिथे त्यांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त ठेवायचे. इतर ठिकाणच्या जॉइनरला हात लावायचा नाही.

फॉन्टच्या वक्त्यांनी त्यात एक भर घातली. 'ॲ' या अक्षराचेही असेच आहे. ते स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीचा सगळा मजकूर 'अ' ला चंद्र जोडून लिहिलेला आहे आणि बरेच जण आजही तसेच लिहितात. दिसायला दोन्ही सारखेच, शोधायला वेगवेगळे.

हे बोलणे पुण्यात झाले याचे मला विशेष वाटले. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे फार मोठे काम याच शहरात, १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत झाले. भारतीय लिप्यांच्या ज्या इस्की या संकेतप्रणालीच्या १९८८ च्या आराखड्यावरून युनिकोडने देवनागरीचा तक्ता घेतला, तिच्या मागेही हीच परंपरा आहे. त्या तक्त्यातल्या एका चौकोनाचा परिणाम पस्तीसहून अधिक वर्षांनी आमच्या गावच्या वाचनालयात एका शिक्षकांना पुस्तक न सापडण्यात व्हावा, आणि त्याचे उत्तर त्याच शहरात जेवणाच्या रांगेत मिळावे, या योगायोगाने मी त्या दिवशी भारावून गेले होते.

दुपारची सत्रे मी ऐकली, पण त्यांतले फारसे लक्षात राहिले नाही. रात्री मैत्रिणीकडे सदाशिव पेठेत मुक्काम केला आणि झोपण्यापूर्वी जुना तुकडा पुसून नवा लिहिला.

दुसरा दिवस योगदानाचा होता. वर्डप्रेस ही कोणा एका कंपनीच्या कपाटात बंद असलेली वस्तू नाही. तिची आज्ञावली, कागदपत्रे, भाषांतरे आणि सुगम्यतेची तपासणी या सगळ्या कामात स्वयंसेवकांचा मोठा वाटा असतो. या दिवशी प्रत्येक कामाचे वेगळे टेबल मांडतात आणि नवखी माणसे जाणत्यांच्या शेजारी बसून काम शिकतात. मी मराठी भाषांतराच्या टेबलावर बसले. आम्ही सात जण होतो. भाषांतर एका संकेतस्थळावर चालते: इंग्रजी वाक्य समोर येते, आपण मराठी सुचवतो, आणि ते सुचवणे भाषेच्या संपादकांनी तपासून मान्य केल्यावरच वापरात येते. पहिल्या तासात मी चाळीसेक वाक्ये केली आणि हे काम सोपे आहे असे मला वाटू लागले.

मग अमुक एक गोष्ट काढून टाकली, असे सांगणारे वाक्य आले. वाक्यात त्या गोष्टीच्या नावाच्या जागी फक्त एक खूण होती. तिथे लेख, प्रतिमा किंवा पान यांपैकी काहीही येऊन बसणार होते. इंग्रजीला त्याने काही फरक पडत नाही. मराठीत लेख हटवला जातो, प्रतिमा हटवली जाते आणि पान हटवले जाते. लिंग ठाऊक असल्याशिवाय क्रियापदाचा शेवट करता येत नाही. टेबलावर याची बरीच चर्चा झाली. एकाने तिन्ही रूपे तिरक्या रेघांनी लिहावीत असे सुचवले, पण ते वाचायला जाचक होते. संपादकांनी वाक्याची घडीच बदलली आणि 'हटवण्याचे काम पूर्ण झाले' या वळणाने जाण्याचा मार्ग दाखवला, ज्यात क्रियापद 'काम' या शब्दामागे जाते आणि त्या खुणेच्या जागी काहीही आले तरी वाक्य बिघडत नाही. असे मार्ग मराठीत सापडतात, पण शोधावे लागतात. प्रोग्रॅमरने वाक्याचे तुकडे जोडण्याऐवजी पूर्ण वाक्ये स्वतंत्रपणे दिली तर ते शोधण्याची वेळच येणार नाही. आज्ञावली लिहिणारे दोघे जण पलीकडच्याच टेबलावर होते. आम्ही त्यांना बोलावून हे दाखवले, आणि त्यांतल्या एकाने आपल्या प्लगइनमधल्या, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या पूरक आज्ञावलीतल्या, अशा सगळ्या वाक्यांची यादी करून घेतली.

शब्दांवरून मतभेद झाले आणि ते चांगले झाले. 'ड्राफ्ट' साठी 'मसुदा' यावर सगळ्यांचे एकमत होते. 'डॅशबोर्ड' ला 'नियंत्रण फलक' म्हणावे असा एकाचा आग्रह होता; माझे मत असे पडले की पतसंस्थेतला लिपिक आणि वाचनालयातली ग्रंथपाल ज्या शब्दाने एकमेकांशी बोलतात तोच पडद्यावर असावा, आणि ते दोघेही डॅशबोर्डच म्हणतात. वाचकाला 'तुम्ही' म्हणावे की 'आपण', यावर सर्वांत जास्त वेळ गेला. एकाच पडद्यावर वर 'आपली नोंद' आणि खाली 'तुमचे खाते' असे असू नये, एवढे तरी ठरले. संध्याकाळी उठताना मी मान्यतेसाठी ठेवलेल्या वाक्यांची संख्या १२६ होती.

परतीच्या एसटीत मी नवा तुकडा पुन्हा एकदा वाचून पाहिला. सोमवारी वाचनालयात गेल्यावर आधी सगळ्या नोंदींची वेगळी प्रत काढली, मग शंभर नोंदींवर तो चालवून पाहिला आणि प्रत्येक नोंद ग्रंथपालबाईंसोबत डोळ्यांनी तपासली. पाककलेच्या पुस्तकांत आचारी आचारीच राहिले होते. त्यानंतर तो सगळ्या नोंदींवर चालवला आणि शोधाच्या चौकटीतही बसवला. ग्रंथपालबाईंनी त्या शिक्षकांना निरोप पाठवला. ते दुसऱ्या दिवशी आले, संगणकापुढे बसले आणि त्यांनी तीच अक्षरे लिहिली. ३८ नोंदी आल्या. त्यांनी चष्मा पुसला, यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि तिच्यातले एक जुने चरित्र काढून द्यायला सांगितले, जे कपाटात दुसऱ्या रांगेमागे गेलेले असल्यामुळे आषाढात त्यांच्या हाती लागले नव्हते.

ग्रंथपालबाईंनी आता संगणकाशेजारी एक वही ठेवली आहे. शोधूनही जे सापडत नाही तो शब्द वाचकाने त्यात स्वतःच्या अक्षरात लिहायचा. परवा मी ती उघडली. पहिल्याच पानावर 'ॲरिस्टॉटल' हा शब्द दोन वेगवेगळ्या वाचकांनी लिहिलेला आहे, म्हणून या रविवारी मी 'ॲ' चे काम हाती घेते आहे.